सात बाय पाचची खोली

केरबा हवालदार रडणाऱ्या बाईचं माप घेत असत.

वाचताना अडखळला असाल तर हरकत नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातला चहा बशीतून पँटवर सांडला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात एक बाई सासऱ्याच्या नावानं हेल काढून रडत होती, आणि कडक इस्त्रीची खाकी हाफपँट, तसाच शर्ट, पण डोक्याला गावाकडचा पटका, अशा वेषातला एक पंचावन्न-साठीचा माणूस तिच्याभोवती हातभर अंतर राखून अदबीनं सुतळी अंथरत होता. सुतळीला दर फुटावर गाठ. बाईचा हात लांब गेला की हा सुतळी थोडी मागं सरकवायचा, गाठी मोजायचा आणि खिशातल्या डायरीत लिहायचा. शेवटी बाईनंच रडं थांबवून विचारलं, "काय चाललंय वो तुमचं?"

"तुजंच काम करतोय, आक्का. तू रड. माजी काळजी करू नगंस."

आणि ती पुन्हा रडायला लागली.

मग ते माझ्या टेबलासमोर आले, कोल्हापुरी चपलेची टाच टाचेला मारून ताठ उभे राहिले आणि डायरी उघडून म्हणाले, "रिपोर्ट असा हाय, भाऊसाहेब. नुसता डोळ्याला पदर लावनारी, तिला दोन बाय दोन पुरं. मांडी घालून हेल काढनारी, तीन बाय तीन. ऊर बडवनारी, चार बाय चार, कारन कोपरं लांब जात्यात. आन लोळनारी..." इथं त्यांनी डायरी मिटली. "लोळनारीला सात बाय पाच. त्येच्याखाली दिलं तर त्यो अन्याव हाय."

भाऊसाहेब म्हणजे मी. त्या सहा खाटांच्या सरकारी दवाखान्याचा कारकून. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कडेगावच्या पुढं यष्टीनं तासाभरावर ते गाव. नाव सांगत नाही, कारण ह्यात येणारी काही माणसं अजून तिथं आहेत. मी मूळचा वाईचा. आमच्या घरात मोठ्यानं हसलं तरी आजोबा खोलीतून बाहेर येऊन "काय झालं?" असं विचारत, रडायचा तर प्रश्नच नव्हता. तेव्हापासूनच माझं बोलणं कमी. केरबा हवालदारांबाबत मी एक गोष्ट केली, ती तर मी बायकोलाही सांगितलेली नाही. आता पन्नाशी उलटली, आता सांगतो. पण आधी हसून घेऊ. त्या माणसापायी मी जेवढा हसलोय तेवढा उभ्या जन्मात हसलेलो नाही.

केरबा हवालदार दवाखान्यात नोकरीला नव्हते. पगार नाही, हुद्दा नाही, हजेरीपटावर नाव नाही. फौजेत ते नर्सिंगच्या कामावर होते. उत्तरेकडच्या एका लष्करी इस्पितळात वीस वर्षं जखमी जवानांची पट्टी, पॉट आणि पथ्य सांभाळून पेन्शनीवर आले. गावी थोरल्या भावाकडं ऊस, बैलजोडी, भरलं घर; ह्यांना त्यात करमेना. त्यामुळं सकाळी सातला ते दवाखान्याच्या फाटकात हजर, संध्याकाळी सहाला माघारी. रोज सकाळी मला रिपोर्ट.

"रिपोर्ट असा हाय. पेशंट सहा. पेशंटसंगं आल्याली मानसं एकोनतीस. शेरडं दोन. कोंबडी एक, ती बाळंतिनीची हाय, तिला कुनी हात लावायचा न्हाई. बाकी ऑल करेक्ट."

"अण्णा, सरकारी तक्त्यात फक्त पेशंट लिहायचे असतात."

"मग त्यो तक्ता चुकीचा हाय. पेशंट म्हंजे येक मानूस न्हवं, भाऊसाहेब. पेशंट म्हंजे आख्खी बैलगाडी. गाडीतनं खाली काय काय उतरतंय ते बगा, आन मग दवाखाना बांदा."

हे त्यांचं तत्त्वज्ञान. आणि ते नुसतं बोलून थांबत नसत. बैलांना सावली पाहिजे म्हणून त्यांनी फाटकाजवळच्या लिंबाखाली स्वतः दावणी ठोकल्या. सोबतच्या बायकांना भाकरी थापायला मागं तीन-तीन दगडांच्या चार चुली मांडल्या. डॉक्टरीणबाई नव्या होत्या, पुण्याच्या. त्यांनी विचारलं, "दवाखान्यात चुली?" हवालदार म्हणाले, "बाई, पेशंटला तुमी गोळी देनार. त्येच्या म्हातारीला काय देनार?" चुली राहिल्या. महिन्याभरात बाईही दुपारी तिथली पिठलं-भाकरी खायला लागल्या.

खाटांचं प्रकरण मात्र माझ्या अंगाशी आलं. तेव्हा आटपाडीकडून ऊस तोडायला आलेली माणसं आमच्याकडं पेशंट म्हणून यायची. ती आयुष्यात कधी लोखंडी खाटेवर झोपलेली नव्हती. एके सकाळी डॉक्टरीणबाई राउंडला गेल्या आणि धावत बाहेर आल्या. "भाऊसाहेब, वॉर्ड रिकामा! सगळे पेशंट पळाले!"

आम्ही आत गेलो. सहाही खाटा रिकाम्या, चादरींना सुरकुती नाही. तेवढ्यात चौथ्या खाटेखालून आवाज आला, "बाई, माझं सुई टोचायचं ऱ्हायलंय."

सहाही पेशंट खाटांखाली फरशीवर निवांत पडले होते. एक म्हातारा म्हणाला, "एवढ्या उंचावनं पडलो तर नीट व्हायचं सोडून मोडंन की मी." आणि सातवे केरबा हवालदार. तेही एका खाटेखाली आडवे, डायरी पोटावर ठेवून.

"अण्णा, तुम्ही तिथं काय करताय?"

"पेशंटच्या जाग्यावनं दवाखाना कसा दिसतोय ते बगतोय. खाटांचं पाय कापा, भाऊसाहेब. ईतभर ठेवा."

पुढचे तीन आठवडे डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यांवर बसून राउंड घेतला. हवालदारांनी लगेच अर्ज दिला, 'विषय : खाटांचे पाय कमी करणेबाबत.' मी तो सरळ वर पाठवला. मला तो बरोबर वाटला होता. पंधरा दिवसांनी वरच्या कचेरीतून तो परत आला, त्यावर लाल शाईत शेरा : 'हा पोरखेळ बंद करावा. असले कागद पुढे पाठवणाऱ्या लिपिकाची नोंद घेतली जाईल.'

मी तेव्हा नोकरीत कायम नव्हतो. तो शेरा मी खिशात घालून तीन दिवस हिंडलो. आज हसू येतं, पण मला आयुष्यात कुणी लाल शाईनं काही लिहिलेलं नव्हतं. हवालदारांना मी एवढंच सांगितलं, "जमणार नाही म्हणतात." त्यांनी सलाम ठोकला, स्वतः विटा आणल्या आणि प्रत्येक खाटेपाशी चढायला दोन-दोन पायऱ्या रचल्या. म्हातारे पायऱ्या चढून खाटेवर जायला लागले, सिंहासनावर बसावं तसे.

आणि मग आला रडायच्या खोलीचा अर्ज.

फुलस्केप कागद, जांभळी शाई, अक्षर रांगेत उभ्या केलेल्या जवानांसारखं. 'विषय : रडणेसाठी स्वतंत्र खोली मिळणेबाबत. माप सात बाय पाच फूट.'

मी विषय वाचला आणि माझ्या डोळ्यांपुढं लाल शाई आली.

"अण्णा, हे... पुरुषांसाठीपण का?"

"ह्या! गडीमानूस रडतोय व्हय? गडीमानूस बिडी वढतोय. बाईमानसाचं बोलतोय मी. कवा पाठवतासा?"

"आजच पाठवतो," मी म्हणालो.

आणि तो कागद घडी घालून टेबलाच्या खालच्या खणात टाकला.

हीच ती गोष्ट. ऐकायला फार मोठी नाही, मला माहीत आहे. पण दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते नवा अर्ज आणत. दर वेळी विचारत, "मागचा गेला न्हवं?" मी म्हणायचो, "गेला. वर आहे, विचार चालू आहे." ते खूष होऊन टाच मारायचे. चपलेची टाच, तिचा आवाज ओल्या कापडासारखा यायचा, फट्. मी विषय बघायचो आणि खालचा खण ओढायचो. असे एकतीस महिने गेले. मी कधीही विषयाच्या खाली वाचलं नाही.

तेवढ्यात खरोखरच हुकूम आला. आमचा दवाखाना वाढणार होता. सहाच्या सोळा खाटा, बाळंतिणींची वेगळी खोली, शस्त्रक्रियेची खोली, क्ष-किरण यंत्राची जागा. गावात ऊस आला होता, विजेच्या मोटारी आल्या होत्या, गुऱ्हाळात हात अडकून येणारे वाढले होते, आणि पूर्वी सुईणीकडं भागवणाऱ्या बायका आता यष्टीनं आमच्याकडं येत होत्या. जागा बघायला सांगलीहून मोठे साहेब येणार होते.

हवालदार आनंदानं दोन इंच उंच झाले. "सायेबाला डोळ्यांनी दावायचं," म्हणाले. "कागदावर रडं कळत न्हाई."

त्यांनी गावातून सोनाक्काला बोलावलं. सोनाक्का म्हणजे पंचक्रोशीत रडण्यात पहिला नंबर. कुणाच्या दारात ती रडायला आली नाही तर घरच्यांना कमीपणा वाटायचा. तिच्यासोबत आणखी चार जणी. ठरलं असं : साहेब फाटकातून आत आले की पाचही जणींनी व्हरांड्यात रडायला सुरुवात करायची, म्हणजे किती जागा लागते आणि आतल्या पेशंटला किती त्रास होतो ते साहेबांना दिसेल. प्रत्येकीला चहा आणि त्यात बुडवून खायला बटर.

पण सोनाक्काची अडचण निराळीच. आमच्या भागात बाई नुसती 'ऊं ऊं' करून रडत नाही. मेलेल्याचं नाव घेऊन, त्याचे गुण सांगून, त्याच्या मागं काय काय राहिलं त्याची यादी करून रडते. "हवालदार, रडतो की आमी," ती म्हणाली, "पर कुनाच्या नावानं? मेलेला मानूस तर पायजे."

"कुनाच्या बी घे नाव."

"आरं वा! गावातल्या जित्या मानसाचं नाव घिऊन रडू? त्येची बायकू मला खेटरानं मारंल."

"मग गावात ज्येचं कुनी न्हाई, असं परगावचं नाव घे," हवालदार म्हणाले आणि सुतळी शोधायला गेले.

सोनाक्का माझ्या खिडकीपाशी आली. "भाऊसायेब, येनाऱ्या सायबाचं नाव काय?"

"अनंतराव. का?"

"न्हाई, नाव घ्याया लागतंय न्हवं."

मला वाटलं, ओवाळताना घेणार असतील. बरं वाटलं.

"आई हाय का वो त्येला?"

"आहे म्हणतात."

"पोरंबाळं?"

"दोन मुली. लग्नाच्या आहेत, असं ऐकलंय."

"लय बेस झालं इचारलं," सोनाक्का म्हणाली आणि पदर खोचून गेली.

साहेबांची जीप फाटकात थांबली. साहेब चांगले भारदस्त, चष्मा, पांढरा बुशकोट. डॉक्टरीणबाई पुढं झाल्या, मी हार घेऊन मागं. साहेबांनी पहिलं पाऊल आत टाकलं, आणि व्हरांड्यातून आभाळ फाटावं तसा आवाज आला :

"आवं अनंतराव सायेबऽऽ! कुटं गेलासा वो आमास्नी टाकूनऽऽ!"

साहेब थबकले.

"आवं तुमची म्हातारी आई वाट बगती वोऽऽ! दोन लेकी उजवायच्या ऱ्हायल्याऽऽ! तुमची जीपगाडी दारात हुबी हाय वोऽऽ, आता तिच्यात कोन बसायचंऽऽ!"

बाकीच्या चार जणींनी सूर धरला, "कोन बसायचंऽऽ!"

जीपचा ड्रायव्हर साहेबांना सांगलीहून स्वतः घेऊन आलेला. तरी त्यानं नकळत डोक्यावरची टोपी काढली. साहेबांनी डाव्या हातानं स्वतःची नाडी धरली. मग हळूच डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मी... ठीक दिसतोय ना?"

"हो सर," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता.

एवढ्यात वॉर्डातले पेशंट पायऱ्यांवरून उतरून दारात आले. त्यांच्या सोबतच्या बायकांना वाटलं, आपलंच कुणी गेलं. त्याही रडायला लागल्या. लिंबाखालचा एक बैल दावं तोडून निघाला. आणि ह्या सगळ्याच्या मधोमध केरबा हवालदार सोनाक्काभोवती शांतपणे सुतळी अंथरत होते.

"सायेब, बगून घ्या. ही लोळायला लागली. सात बाय पाच. गाठी मोजा, पायजे तर."

हार माझ्या हातात होता. साहेबांना घालावा तर तो ह्या क्षणी कसा दिसेल, ह्या विचारानं मी तो पाठीमागं लपवला.

शेवटी सगळं शांत झालं. साहेबांना खुर्ची दिली, पाणी दिलं. ते चिडतील असं वाटलं होतं, पण ते हवालदारांकडं बघत राहिले. "हे काय आहे?"

हवालदार ताठ झाले. "रिपोर्ट असा हाय, सायेब. आदी मानूस घरात मरत व्हता. मेला की रडाय आख्खं घर, अंगन, गल्ली. मग तुमी दवाखाना काढला. लय चांगलं केलंसा, लय मानसं वाचली. पर जी वाचत न्हाईत, ती बी आता हितंच मरत्यात. मरान हितं आलं सायेब, आन रडायची जागा तकडं गावात ऱ्हायली. बाई ह्या व्हरांड्यात रडती, आन आतला पेशंट कान दिऊन ऐकतोय. त्येला वाटतंय, फुडचा नंबर आपला. आता तुमी दवाखाना वाडवताय. खाटा वाडवा, पर ह्ये बी वाडवा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मुद्दा वाईट नाही. पण हवालदार, हे असं माझ्या नावानं बायका रडवण्याऐवजी आधी एखादा अर्ज करायचा."

"येक?" हवालदार म्हणाले. "एकतीस केलं की सायेब."

"माझ्याकडं तर एकही नाही." आणि साहेबांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

माझ्या पाठीमागं हार होता. त्यातल्या झेंडूच्या पाकळ्या फरशीवर पडल्याचा आवाज मला ऐकू आला, असं मी शपथेवर सांगेन. हवालदारांनीही माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. एखादी पट्टी उघडून आत जखम कशी आहे बघावं, तेवढाच. मग ते साहेबांकडं वळले.

"अर्ज माज्याकडंच हाईत, सायेब. भाऊसायेबांनी लय येळा मागितलं. मीच म्हनलं, नीट लिवून मग दीन. माजीच चूक झाली."

टाच मारली. फट्.

मी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. नाही बोललो. मी हार पुढं केला, आणि साहेबांनी तो घालून घेतला, जरा नाराजीनंच. जाताना म्हणाले, "रडायची खोली असा प्रकार सरकारी नकाशात बसत नाही, हवालदार. मला वाईट वाटतं."

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी खालचा खण उघडला. कागद इतके कोंबले होते की तो नीट लागतच नव्हता. पहिला अर्ज काढला आणि विषयाच्या खाली वाचायला सुरुवात केली. मायना, माप, सुतळीचा तपशील. आणि सगळ्यात शेवटी, 'कारण' ह्या शब्दापुढं :

'अर्जदार लष्करी इस्पितळात ड्युटीवर असताना अर्जदाराची पत्नी हौसाबाई वारल्याची तार वॉर्डात मिळाली. वॉर्डात चाळीस पेशंट होते. जागा नव्हती. रजा मंजूर होऊन गावी येईपर्यंत तेरावे झाले होते, घरचे लोक रडून मोकळे झाले होते. नंतर सवड मिळाली नाही. तरी मेहेरबानांनी सोय करावी.'

दुसरा अर्ज काढला. तेच. तिसरा. एकतीसही कागदांवर तोच परिच्छेद, शब्द न बदलता, आणि प्रत्येकात 'हौसाबाई' हे नाव जरा जास्त सावकाश लिहिलेलं.

त्या संध्याकाळी मी मागणीपत्रक टाइप केलं. नव्या इमारतीत काय काय हवं, त्याची यादी माझ्याच हातून जाणार होती. सोळा खाटा, बाळंतिणींची खोली, क्ष-किरण, सगळं. आणि शेवटची ओळ : 'झाडू, बादल्या व फिनेल ठेवण्यासाठी खोली, सात बाय पाच. दार मागील बाजूस. कडी आतून.' बादल्यांना आतून कडी कशाला, हे कुणीतरी विचारेल, लाल शाई येईल, असं वाटत होतं. आश्चर्य म्हणजे मला ह्या वेळी भीती वाटली नाही.

कागद मंजूर होऊन आला. त्या ओळीपुढं मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, निळ्या शाईत : 'बादल्यांना बसण्यासाठी एक बाक द्यावा.'

दीड वर्षानं इमारत उभी राहिली. हवालदारांनी त्या खोलीला चुना स्वतः लावला, बाक स्वतः घासला. आणि मग आमची सगळ्यांची फजिती झाली. एकही बाई आत जाईना. पहिल्याच वेळी हवालदारांनी सोनाक्काला आत नेलं. तिनं बाकाकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, आणि बाहेर आली.

"हितं एकटीनं रडायचं? आन ऐकायचं कुनी, बाकड्यानं?"

बरोबरच होतं तिचं. रडणं हे चार जणींत करायचं काम. बायका पुन्हा व्हरांड्यात बसल्या, ऐसपैस. हवालदारांची सुतळी, डायरी, एकतीस अर्ज, सगळं पाण्यात. दोन दिवस ते रिपोर्ट द्यायला आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका गड्याची आई वॉर्डात वारली. गडी पैलवानासारखा. बायका व्हरांड्यात रडत होत्या आणि हा लिंबाखाली बिडी ओढत उभा. हवालदार त्याच्याकडं बराच वेळ बघत होते. मग मला म्हणाले, "भाऊसाहेब, त्येची बिडी पेटल्याली न्हाई."

ते उठले, माझ्या टेबलाखालची पत्र्याची बादली घेतली आणि त्याच्यापाशी गेले. "गड्या, येवडी बादली त्या खोलीत ठिऊन ये रं. आन कडी लाव आतनं, न्हाईतर मांजार शिरतंय."

गडी बादली घेऊन गेला. पाऊण तासानं बाहेर आला. तोंड धुतलेलं होतं.

"ठिवली."

"बेस."

त्यानंतर ती बादली कधी स्वस्थ बसली नाही. नवरे, बाप, थोरले भाऊ, फौजेतून तारेवर धावत आलेले जवान. कुणाला काही समजावून सांगावं लागत नसे. हवालदार बादली हातात देत, मागाहून स्वतःच ती परत आणत, पुढच्यासाठी. पुढं पुढं माणसंच येऊन खाली मान घालून विचारायला लागली, "हवालदार, बादली हाय का मोकळी?" एकदा एक लेकरू वाचवता आलं नाही तेव्हा डॉक्टरीणबाईंनीही मागितली. हवालदारांनी त्यांना बादलीसोबत फिनेलची बाटलीही दिली, सरकारी हुद्दा आहे म्हणून.

ते स्वतः मात्र त्या दिवसापासून कधी आत गेले नाहीत. बादली आणायला जात तेही दारातूनच हात घालून.

एका दुपारी दवाखाना रिकामा होता. मी टेबलाखालची बादली काढली आणि त्यांच्यापुढं धरली.

"अण्णा, एवढी आत ठेवून येता?"

त्यांनी बादलीकडं पाहिलं. "माजं काय काम?"

"तुमचे अर्ज मी वाचले, अण्णा. उशिरा वाचले. सगळे खालच्या खणात होते."

"ठावं हाय," हवालदार म्हणाले. "खन लागत न्हवता तुमचा, तवाच वळखलं मी. पयलं वरीस सरलं असंल तवा."

"मग तरी दर महिन्याला देत का राहिलात?"

ते हाफपँटची इस्त्री हातानं सारखी करत राहिले. "लिवायला बरं वाटायचं, भाऊसाहेब. आमच्यात बायकूचं नाव घेत न्हाईत. ती असताना बी कवा घेतलं न्हाई. कागदावर मातर लिवाय लागतंय. महिन्यातनं येकदा."

माफी मागायचे शब्द तोंडात होते, ते तिथंच राहिले; ते आज इथं लिहितोय. मी फक्त बादली तशीच धरून ठेवली. बराच वेळ. शेवटी त्यांनी ती घेतली, टाच मारली आणि मागच्या दाराकडं चालत गेले, कवायतीला जावं तसे. कडी लागल्याचा आवाज आला.

मी खुर्ची उचलून बाहेर दारापाशी नेली आणि बसलो. सोनाक्का तेवढ्यात कशाला तरी आली, म्हणाली, "हवालदार कुटं हाईत?" मी म्हणालो, "आत दुरुस्ती चालली आहे." तिनं बंद दाराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्या शेजारी जमिनीवर टेकली. डोळ्याला पदर लावला. दोन बाय दोन.

दिवे लागायच्या सुमाराला कडी निघाली. हवालदार बाहेर आले. पटका काखेत होता. ती कडक इस्त्रीची खाकी पार चुरगळली होती, आणि शर्टाला पाठभर, दोन्ही कोपरांना, गुडघ्यांना चुना लागला होता. खोलीच्या चारी भिंतींचा.

ते माझ्यापुढं ताठ उभे राहिले.

"रिपोर्ट असा हाय, भाऊसाहेब," ते म्हणाले. आवाज बसला होता. "सात बाय पाच गड्याला बी पुरतंय."